ग्धाल

पत्र्याला पॉलिश पेपर मारता मारता
निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली
कुठल्याशा केटरर्सचा अर्धा केळीचा खुंट,
आणि त्याच्याही खाली, लोखंडाला चिकटून,
कोणे एके काळच्या दुग्धालयाची उरलेली अक्षरं.
दु गेलेला, य गेलेला. ग्धाल.
प्रमिला म्हणाली, एवढं राहू दे.
का ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही, रंगाचा एक डबा वाचत होता.

एकतीस वर्षं दापोडीच्या वर्कशॉपात
एसटीच्या पोटाखाली उताणा पडून काढली.
गाड्या चंद्रपूरला जाऊन आल्या, पणजीला जाऊन आल्या,
मी कासारवाडीला, सायकलवर.
निवृत्त झालो आणि तेवीस हजारांत ही मॅटॅडोर घेतली.
चाकं होती चारही. तीन एका मापाची.

जुन्या बाजारात यासीन अत्तारच्या ताडपत्रीवर
राजदूतचं मीटर पडलं होतं, काच तडकलेली.
चालतंय का रे? तर म्हणे,
काका, तुमच्यापेक्षा जास्त चाललंय.
दीडशे सांगून साठला दिलं, वर मूठभर वॉशर,
रद्दीच्या कागदात, भाजीवर कोथिंबीर द्यावी तसे.

दवाखान्याच्या लिलावातली खाट कापून बर्थ केला.
कापता कापता साळवे वेल्डर थांबला,
काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
कोण कोण गेलं असेल हिच्यावरून.
म्हटलं, घरीही गेले असतील की, बरे होऊन.
त्यानं जरा वेळ विचार केला
आणि पुढचा टाका मारला.

छपरावर चार इंची पीव्हीसी पाइप, काळा रंगवून.
दुपारी तीनला त्यात पाणी कढत होतं,
म्हणून आंघोळ दुपारी तीनला.
मागं खिडकी म्हणून वॉशिंग मशीनचं गोल दार,
बिजागरीसकट. त्यातून गल्ली वाकडी दिसते, पण स्वच्छ.
मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून पडदे.
एकोणीस छत्र्या. प्रमिलाच्या मशीनखालून
काळं कापड रात्रभर सरकत होतं,
आणि एकीच्या काठावर कुणीतरी दोऱ्यानं विणलेलं नाव:
कु. हेमलता. तेही तिनं उसवलं नाही.

मुलगा हिंजवडीहून आला, फेरी मारून बघितली,
म्हणाला, बाबा, यापेक्षा हॉटेल स्वस्त पडलं असतं.
रात्री वहीत बेरीज केली.
त्याचं बरोबर होतं.

पहिल्या चाचणीला हॅरिस पुलावर ब्रेक दाबला
आणि कपाट उघडून तूरडाळ पुढं आली,
गिअरच्या फटीत, माझ्या चपलेत, सगळीकडं.
मागचे हॉर्न वाजवत होते, प्रमिला हसत होती.
पायताणाच्या जुन्या पट्ट्याची कडी केली मग. ती टिकली.
मीटर चाळीस दाखवतं तेव्हा आम्ही तीसवर असतो.
दातांचा हिशोब चुकलाय, अर्ध्या तासाचं काम आहे.
करीन कधीतरी.

निघायचं ठरलं शनिवारी, गुहागर.
शुक्रवारी क्लच बसला.
नाना पेठेत म्हणाले, प्लेट सोमवारी येईल,
कुठला सोमवार ते नाही म्हणाले.
चटण्या भरलेल्या, चादरी घातलेल्या,
शेजारच्या पोरांनी ग्धाल चालली, ग्धाल चालली करून
गल्लीभर सांगितलेलं.
प्रमिला घराला कुलूप लावून आली
आणि दवाखान्याच्या खाटेवर आडवी झाली.
आपल्याच दारात, नऊ फुटांवर,
आम्ही परगावी झोपलो.
कुत्री वेगळी भुंकत होती.
आमच्याच बाथरूमचा गळका नळ
बाहेरून ऐकला पहिल्यांदा.

पहाटे दूधवाल्यानं कुलूप पाहिलं,
किटली घेऊन थोडा घुटमळला,
मग पत्र्यावर वाजवलं, अक्षरांच्या जरा खाली.
प्रमिलानं गोल दार उघडलं
आणि पातेलं बाहेर धरलं.